गुळाचा चहा : साखरेनंच नाव बदललंय!



मागच्या हिवाळ्यात दौंड तालुक्यातल्या एका गावात मधुमेह तपासणीचं मोफत शिबिर होतं. मलाही बोलावलं होतं. सकाळी साडेआठला शाळेच्या पटांगणात मंडप लागलेला, खुर्च्यांवर साठ-सत्तर माणसं बसलेली. एका टेबलावर ग्लुकोमीटर, शेजारच्या टेबलावर चहाचा मोठा थर्मास. रांगेत येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात आधी चहाचा कप आणि मग बोटाला सुई.

मी आयोजकांना म्हटलं, "अहो, उपाशीपोटीची शुगर बघायची आहे ना? मग आधी चहा कशाला?"

ते हसून म्हणाले, "डॉक्टर, टेन्शन घेऊ नका. गुळाचा चहा आहे. शुगर नाय त्यात."

मंडपात कुणालाही यात काही वावगं वाटलं नाही. दोन-चार जणांनी माना डोलावल्या. माझ्याही हातात एक कप आला आणि भिडेखातर मी तो प्यायलो. डॉक्टरच पितायत म्हटल्यावर मागच्या रांगेतल्यांनी दुसरा कप मागून घेतला! ती माझी चूक होती. तिथंच उभं राहून बोलायला हवं होतं. तेव्हा बोललो नाही, म्हणून आज लिहितोय.

दवाखान्यात काय दिसतं?

पुणे-सोलापूर रस्त्यानं यवत, चौफुला, पाटस, कुरकुंभ असं जा, नाहीतर पुणे-नगर रस्त्यानं शिक्रापूर, रांजणगाव, शिरूर असं या. पूर्वी रस्त्याच्या कडेला 'चहा-नाष्टा' अशी साधी पाटी असायची. आता दर दोन-तीन किलोमीटरला 'शुद्ध गुळाचा चहा' लिहिलेलं दिसतं. मातीचा कप, उसाचं चित्र आणि खाली एखादी ओळ, 'आरोग्यदायी', 'नैसर्गिक', कुठे कुठे तर सरळ 'शुगर फ्री'.

या पाट्यांचा हिशेब शेवटी माझ्या टेबलावर येतो. वयाच्या साठीत असलेले एक काका नियमित येतात. गोळ्या वेळेवर घेतात, सकाळी शेतात फेरफटका असतो. सहा महिन्यांपूर्वी त्यांचं एचबीए१सी ७.४ होतं, या वेळी ९.६ आलं. (एचबीए१सी म्हणजे मागच्या साधारण तीन महिन्यांतल्या रक्तशर्करेची सरासरी सांगणारी तपासणी. आदल्या दिवशी पथ्य पाळून ती फसवता येत नाही.)

"काका, गोड काही वाढलं का?"

"छे हो. साखर तर घरातनंच बंद केली."

"चहा?"

"चहा फक्त गुळाचा."

"दिवसात किती?"

काकांनी बोटं मोजली. घरी दोन, चौकात दोन, बाजाराच्या दिवशी आणखी दोन. पूर्वी साखरेचा चहा ते दोनच वेळा घेत होते, कारण त्याची भीती होती. गुळानं ती भीती काढून टाकली आणि दोनाचे सहा झाले. माझा राग आहे तो नेमका या गोष्टीवर. एकट्या गुळानं जेवढं नुकसान केलं नसतं, तेवढं 'याला चालतं' या समजुतीनं केलंय.

गूळ म्हणजे नेमकं काय?

हे मी दौंडच्या लोकांना सांगायचं म्हणजे गंमतच आहे. केडगाव-चौफुल्याच्या परिसरात लहानपण गेलेल्या माणसाला गुऱ्हाळ काय असतं ते माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. ऊस चरकात घालतात, रस काहिलीत येतो, चुलवाणावर तो उकळत ठेवतात, भेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी काढतात, पाणी आटलं की गुळव्या पाक बघतो आणि मग ढेप पाडतात. साखर कारखान्यातही ऊस तोच, रस तोच, उकळणंही तेच. फरक एवढाच की तिथे साखरेचे दाणे वेगळे काढून मळी बाजूला करतात आणि गुळात सगळं एकत्र राहतं. उसातली साखर काहिलीत उडून जात नाही. उलट पाणी उडून जातं आणि साखर घट्ट होते!

अन्नसुरक्षेच्या भारतीय मानकांत गुळाची व्याख्या काय आहे पाहा. कोरड्या वजनावर एकूण साखर किमान ९० टक्के आणि त्यातही सुक्रोज, म्हणजे आपल्या डब्यातली साखर, किमान ६० टक्के असली पाहिजे. याहून कमी साखर असेल तर कायद्याच्या भाषेत तो गूळच नाही! थोडक्यात, ज्याला 'शुद्ध गूळ' म्हणतात तो कायद्यानंच नव्वद टक्के साखर असतो. मग 'शुद्ध गुळाचा शुगर फ्री चहा' हे वाक्य म्हणजे 'शुद्ध दुधाचा बिनदुधाचा खवा' म्हटल्यासारखं झालं.

आता आकडे. साखरेच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ४०० कॅलरी असतात, गुळाच्या १०० ग्रॅममध्ये साधारण ३५० ते ३८०. हा फरक मुख्यतः गुळात थोडं पाणी आणि क्षार असतात म्हणून पडतो. पण गूळ साखरेपेक्षा थोडा कमी गोड लागतो, म्हणून तेवढाच गोडवा आणायला तो जास्त घालावा लागतो. मी घरी स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर करून पाहिलं. टपरीवरच्या चहाइतका गोड चहा व्हायला एका छोट्या कपाला १२ ग्रॅम गूळ लागला. सहा कपांचा झाला ७२ ग्रॅम. त्यातली साखर साठ ग्रॅमच्या वर.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ मध्ये सांगितलंय की, वरून घातलेली आणि मध, पाक, फळांचा रस यांतून येणारी अशी सगळी मुक्त साखर दिवसाच्या एकूण उष्मांकांच्या १० टक्क्यांहून कमी असावी आणि ५ टक्क्यांहून कमी असेल तर आणखी चांगलं. पाच टक्के म्हणजे साधारण २५ ग्रॅम, सहा चमचे. हे निरोगी माणसासाठी. आमच्या काकांनी मधुमेह असताना नुसत्या चहातून त्याच्या दुपटीहून जास्त साखर घेतली, आणि तीही 'साखर बंद' करून!

"पण डॉक्टर..."

हे सांगितलं की पुढचे प्रश्न ठरलेले असतात. एकेकाला उत्तर देतो.

*"गूळ नैसर्गिक आहे, हळूहळू विरघळतो, शुगर एकदम वाढत नाही."*

चहात तो विरघळूनच येतो हो! पातळ, गरम आणि रिकाम्या पोटी. त्यात चोथा नाही, डाळ नाही, भाकरी नाही. असा गोडवा रक्तात पोचायला वेळ लागत नाही. आणि एक गोष्ट आठवा. मधुमेहाची गोळी घेऊन जेवायला उशीर झाला, हातपाय कापायला लागले, गार घाम फुटला, तर तुम्ही काय करता? गुळाचा खडा तोंडात टाकता. दहा-पंधरा मिनिटांत बरं वाटतं. का? रक्तातली साखर वाढली म्हणून! त्या वेळी साखर वाढवणारा गूळ चहाच्या कपात गेल्यावर साखर न वाढवणारा कसा होतो?

तरी पटत नसेल तर माझ्यावर विश्वास ठेवू नका. घरी ग्लुकोमीटर असेल तर एक दिवस फिका चहा पिण्याआधी आणि नंतर एका तासानं शुगर बघा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला तेवढाच गुळाचा चहा घेऊन तेच करा. चारही आकडे कागदावर लिहा आणि येताना घेऊन या.

*"गुळात लोह असतं, हिमोग्लोबिन वाढतं."*

असतं, पण किती? १५ ग्रॅम गूळ घातला तरी एका कपातून फार तर अर्धा-पाऊण मिलिग्रॅम लोह मिळतं. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ स्त्रीला दिवसाला २९ मिलिग्रॅम आणि पुरुषाला १९ मिलिग्रॅम लोह लागतं. म्हणजे हिमोग्लोबिनसाठी गुळाचा चहा पिणाऱ्या बाईला रोज चाळीसेक कप प्यावे लागतील! शिवाय चहातले टॅनिनसारखे घटक आतड्यात लोह शोषू देत नाहीत. गुळातलं थोडंसं लोह आपण नेमकं त्याच पदार्थात घालतो, जो लोह अडवतो. गरोदर बायकांनी आणि ॲनिमिया असलेल्या मुलींनी तर चहा आणि लोहाची गोळी यांत किमान एक-दोन तासांचं अंतर ठेवावं. लोह हवं असेल तर गोळी घ्या आणि बाजरी, मटकी, हिरव्या पालेभाज्या लिंबू पिळून खा. चहाचं ते काम नाही.

*"आयुर्वेदात गूळ सांगितलाय."*

मी ॲलोपॅथीचा डॉक्टर आहे, त्यामुळे या विषयात बेतानंच बोलतो. पण चरकसंहितेत प्रमेहाची कारणं दिली आहेत. बसून राहण्याचं सुख, झोपेचं सुख, दही, नवं धान्य यांच्या यादीत गुळाचे पदार्थही आहेत. हे माझ्या वैद्य मित्रांना विचारून खात्री करा. आयुर्वेदाचं नाव घेऊन मधुमेह्याला गुळाचा चहा पाजणाऱ्यांनी तो ग्रंथ उघडलेला नसावा.

*"आमचे आजोबा रोज गूळ खायचे, नव्वदीत गेले."*

माझेही खायचे. उन्हातून आलेल्या पाहुण्याला गुळाचा खडा आणि तांब्याभर पाणी देण्याची आपली रीत फार सुंदर आहे. पण तो खडा पाच ग्रॅमचा असायचा, दिवसातून एकदा, आणि खाणारा चार कोस चालून आलेला असायचा. आज पाहुणा गाडीतून उतरतो आणि त्याला तीन तासांत तीन कप मिळतात. आजोबांचा गूळ आपण घेतला, त्यांची पायपीट मात्र घेतली नाही.

*"आम्ही काटक माणसं, पोट सुटलेलं नाही. शुगर शहरवाल्यांना होते."*

हा गैरसमज मला सगळ्यात धोकादायक वाटतो, आणि तो खोडून काढणारं काम आपल्याच जिल्ह्यात झालंय. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुणे जिल्ह्यातल्या सहा खेड्यांत गरोदर मातांचा आणि त्यांच्या बाळांचा अभ्यास केला. इथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळं इतकी लहान, पण त्यांच्या अंगावरची चरबी मात्र त्या मानानं कमी नव्हती. कमी होते ते स्नायू. दिसायला बारीक आणि आतून चरबीयुक्त, अशी आपली ठेवण जन्मापासूनच आहे. म्हणून तर वजन ६० किलो आणि शुगर ३००, असे शेतकरी आम्हाला रोज भेटतात. आयसीएमआर-इंडियाब या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १० कोटी १० लाख लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३ कोटी ६० लाख लोक उंबरठ्यावर आहेत. ते सगळे काही कोथरूडला राहत नाहीत!

आणि गूळ तरी गूळच आहे का?

हाही प्रश्न आपल्या भागात जाहीरपणे विचारायला हवा. साखर स्वस्त आणि गुळाला भाव जास्त, असं झालं की काही गुऱ्हाळांत काहिलीत साखरेची पोती रिकामी होतात. ही कुजबुज नाही. साखर मिसळलेल्या गुळावर अन्न व औषध प्रशासनानं दौंड भागात धाडी घातलेल्या आहेत. काही ठिकाणी गूळ पिवळाधमक दिसावा म्हणून हायड्रोससारखी रसायनं वापरतात. त्यातून गुळात राहणारा सल्फर डायऑक्साइड दम्याच्या रुग्णाला त्रास देऊ शकतो. म्हणजे तुम्ही साखर टाळायला म्हणून जादा पैसे मोजून जे घेता, त्यात पुन्हा साखरच असू शकते!

चहाच्या दुकानांचीही एक अडचण आहे. साधा गूळ दुधात उकळला की दूध फाटतं, हे घरी गुळाचा चहा करणाऱ्या प्रत्येक बाईला माहीत आहे. गर्दीच्या वेळी ही कटकट कोण करणार? म्हणून बरेच जण तयार पावडरीची पाकिटं वापरतात. एकदा ते पाकीट मागून बघा. मागच्या बाजूला घटकांची यादी असते आणि जो पदार्थ सगळ्यात जास्त तो सगळ्यात आधी लिहिलेला असतो. पहिलं नाव काय आहे ते वाचा.

मी गुळाच्या विरुद्ध नाही, हे स्पष्ट सांगतो. गुऱ्हाळावर कितीतरी घरांची चूल पेटते आणि प्रामाणिकपणे गूळ करणारा माणूस मला आदरणीय आहे. संक्रांतीला तिळगूळ खा, पुरणपोळीत गूळ घाला, निरोगी असाल तर दिवसातून एकदा गुळाचा चहा आवडीनं प्या. गोड म्हणून प्या! गुळाला चव आहे, सुगंध आहे, त्याला औषधाचा खोटा दाखला कशाला हवा? त्या खोट्या दाखल्यानं दोनच गोष्टी होतात. रुग्ण फसतो, आणि मागणी वाढल्यावर भेसळ करणारा फावतो. प्रामाणिक गुऱ्हाळवाला दोन्हींत मरतो.

हॉटेलांच्या पाट्या

गुळाच्या चहानं जो मार्ग दाखवला, त्याच मार्गानं आता आपल्या गावातली हॉटेलं निघाली आहेत. शिरूर काय, दौंड काय, पुण्यासारखी 'फॅमिली रेस्टॉरंट' आता सगळीकडे झाली आहेत. दिवे छान, बसायला जागा छान. याचा मला आनंदच आहे. पण मेनूकार्ड वाचा. 'चुलीवरची मिसळ', 'मातीच्या हंडीतलं', 'गावरान', 'घरगुती', 'ऑरगॅनिक'. यातला एकही शब्द तेल किती आहे, मीठ किती आहे, तेल कितव्यांदा तापवलंय, हे सांगत नाही. चूल हे इंधन आहे, पथ्य नाही. चुलीवर केलेल्या मिसळीवरचा तेलाचा तवंग गॅसवरच्या तवंगाइतकाच कोलेस्टेरॉलवाल्याच्या पोटात जातो.

पनीरचंही तसंच. मार्च २०२५ मध्ये आपल्या शेजारच्या श्रीगोंद्याचे आमदार विक्रम पाचपुते यांनी कृत्रिम पनीरचा प्रश्न थेट विधानसभेत मांडला. दुधाऐवजी वनस्पती तेलापासून केलेल्या पदार्थाला 'ॲनालॉग' म्हणतात. तसं स्पष्ट लिहून तो विकायला बंदी नाही, पण त्याला पनीर म्हणून विकणं ही फसवणूक आहे. हॉटेलात बसलेल्या गिऱ्हाइकाला पाकीट दिसतच नाही. त्याला फक्त 'पनीर मसाला' हे नाव दिसतं. आजारही तोच, नाव एक आणि वस्तू दुसरी.

कायदा काही म्हणतो का? म्हणतो. 'शुगर फ्री' हा शब्द वापरायचा असेल तर १०० मिलिलिटर पेयात साखर अर्ध्या ग्रॅमहून जास्त असता कामा नये. गुळाच्या चहात ती वीस पट असते! केंद्रीय परवाना असलेल्या किंवा दहा वा अधिक शाखा असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर प्रत्येक पदार्थाच्या कॅलरी लिहाव्यात, हा नियम १ जुलै २०२२ पासून आहे. पण हायवेवरचं एकटं हॉटेल आणि चौकातली टपरी या नियमात बसत नाही. तिथे मालकाचा प्रामाणिकपणा आणि गिऱ्हाइकाचं शहाणपण, एवढाच आधार उरतो. म्हणून तर हा लेख.

तरुणांचा 'गुळाचा चहा'

वडील गुळाच्या चहात फसतात आणि मुलगा रंगीत बाटलीत. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारी पोरं, बारावीची आणि भरतीची तयारी करणारी मुलं, यांच्या हातात वीस रुपयांची एनर्जी ड्रिंकची बाटली हल्ली नेहमी दिसते. नाव 'एनर्जी', आत साखर आणि कॅफिन. छातीत धडधड होते म्हणून येणाऱ्या विशीतल्या मुलाला मी आता ईसीजीच्या आधी विचारतो, "आज किती बाटल्या झाल्या?"

अशा पेयांत लिटरमागे ३०० मिलिग्रॅमपर्यंत कॅफिन चालतं. लहान मुलं, गरोदर आणि स्तनदा माता यांच्यासाठी हे योग्य नाही, असा इशारा बाटलीवर बारीक अक्षरात छापलेला असतो. जुलै २०२४ मध्ये तेव्हाचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांच्या ५०० मीटर परिसरात जास्त कॅफिनची अशी पेयं विकायला बंदी करणार असल्याचं विधान परिषदेत जाहीर केलं होतं. आपल्या गावातल्या शाळेच्या फाटकापासून पहिलं दुकान किती पावलांवर आहे आणि त्याच्या फ्रिजमध्ये काय आहे, हे प्रत्येक पालकानं एकदा चालत जाऊन बघावं.

मग करायचं काय?

रुग्णांनो, तुमच्यासाठी:

१. मधुमेह असेल तर साखर, गूळ, काकवी, मध, खडीसाखर, उसाचा रस हे सगळे एकाच घरातले भाऊ समजा. एकाला बंदी असेल तर सगळ्यांना बंदी.

२. चहा सोडायला मी सांगत नाही. फिका घ्या. एकदम जमत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा गोड कमी करा. तीन-चार आठवड्यांत जिभेला सवय होते. आलं, वेलची, गवती चहा यांना मनाई नाही.

३. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाताना 'साखर बंद आहे' एवढंच सांगू नका. दिवसभरात काय काय प्यायलात तेही सांगा. गुळाचा चहा लपवला तर डॉक्टर गोळी वाढवेल, आणि चूक गोळीची नसेल.

४. शुगर ७० च्या खाली गेली, घाम आला, तर मात्र पाण्यात तीन चमचे साखर किंवा ग्लुकोज लगेच घ्या. तिथे पथ्य नको. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, थेट दवाखान्यात आणा.

हॉटेल आणि चहाच्या दुकानाच्या मालकांना हात जोडून विनंती: 'शुगर फ्री' आणि 'मधुमेह्यांसाठी उत्तम' हे शब्द पाटीवरून पुसा. त्या जागी 'गुळाचा चहा, गोड आहे' असं लिहा. धंदा कमी होणार नाही. चव चांगली असेल तर लोक येतातच. आणि फिका चहा मागणाऱ्या म्हाताऱ्याला 'फिका नाही, तयार गोडच आहे' म्हणून परत पाठवू नका. एक छोटं भांडं फिक्याचं ठेवलंत तर तुमच्या दुकानाला खरंच आरोग्यदायी म्हणता येईल. पाटीवर खोटा दावा दिसला किंवा भेसळीचा संशय आला, तर कुणीही अन्न व औषध प्रशासनाच्या १८००२२२३६५ या टोल फ्री क्रमांकावर तक्रार करू शकतो.

शिबिरं भरवणाऱ्या मंडळांनो, आधी रक्त, मग नाष्टा. नाष्ट्यात उसळ ठेवा, चहा फिका ठेवा.

आणि आम्हा डॉक्टरांनो, थोडा दोष आपलाही आहे. 'साखर बंद करा' असं आपण दोन शब्दांत सांगतो आणि पुढच्या पेशंटला हाक मारतो. त्या दोन शब्दांतून रुग्ण पांढरा दाणेदार पदार्थ बंद करतो, आणि तपकिरी ढेप घरात येते. त्यानं आपलं अक्षरशः ऐकलेलं असतं! आपण नीट सांगितलेलं नसतं.

काकांचं पुढं काय झालं, ते सांगून थांबतो. मी त्यांची एकही गोळी वाढवली नाही. फक्त चहा फिका करायला सांगितलं आणि तीन महिन्यांनी बोलावलं. एचबीए१सी ७.९ आलं. अजून पुष्कळ काम बाकी आहे, पण दिशा बरोबर आहे. जाताना काका म्हणाले, "डॉक्टर, एवढी वर्षं ऊस लावला, गूळ केला, तो किती गोड होतो हे मला माहीत नव्हतं का? पाटी वाचली आन् इसरलो."

तुम्ही विसरू नका. काळजी घ्या.